ॲटम गेलं, आता मराठी-गुजराती यादीसाठी कुठला एडिटर धरू? आणि 'ऱ्ह'वाली आडनावं सापडत का नाहीत?

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी, मी बडोद्याची. आमच्या मराठी मंडळाची सभासदांची यादी आणि गणपतीच्या स्मरणिकेचा मजकूर गेली काही वर्षं मीच सांभाळते. यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे, एका ओळीत एक सभासद, आधी आडनाव मग नाव मग पत्ता, मधे टॅब. नावं मराठीत पण पत्ते बऱ्याच जणांनी गुजरातीत लिहून दिलेत कारण लाइटबिलावर तसाच असतो, त्यामुळे एकाच ओळीत दोन लिप्या. कॉलेजात ॲटम हा टेक्स्ट एडिटर शिकले होते आणि तेच धरून होते, बंद झालंय हे माहीत होतं पण उघडत होतं म्हणून चालवलं, आता लॅपटॉप बदललाय तर जुनं सॉफ्टवेअर परत टाकायला मन घेत नाहीये.

तर एक म्हणजे असा एडिटर सांगा जो चार वर्षांनी परत बंद नाही पडणार. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. यादीत कऱ्हाडे, गोऱ्हे अशी आडनावं सर्च केली की काही सापडतात काही नाही, स्क्रीनवर अगदी सारखी दिसतात. डुप्लिकेट ओळी काढायची कमांड दिली तरी एकच माणूस दोनदा राहतो. यंदा एका घरी दोन स्मरणिका गेल्या आणि एका आजींकडे एकही नाही गेली कारण सर्चमध्ये त्यांचं नाव आलंच नाही आणि मी समजले की त्यांनी वर्गणी भरली नाही. मला फार लागलंय ते मनाला. पुढच्या वर्षी असं व्हायला नको.

रावपुरा_टॉवर
ताई, पहिल्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण ॲटमचं मलाही वाईट वाटलेलं. ते गिटहबचं, म्हणजे प्रोग्रामर लोक आपला कोड जिथे ठेवतात त्या साइटचं होतं, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब साडेसात अब्ज डॉलरला घेतलं आणि मायक्रोसॉफ्टकडे स्वतःचा व्हीएस कोड २०१५ पासून होताच, एका घरात दोन एडिटर किती दिवस चालणार. ८ जून २०२२ ला जाहीर केलं आणि १५ डिसेंबर २०२२ ला कोड कुलूपबंद. मजा बघा, व्हीएस कोड ज्या इलेक्ट्रॉन नावाच्या सांगाड्यावर चालतो ते इलेक्ट्रॉन मुळात ॲटमसाठीच बनलं होतं. म्हणजे ॲटमचा पाया अजून रोज वापरात आहे. ॲटम बनवणाऱ्यांपैकी काहींनी पुढे झेड नावाचा एडिटर काढला, तो २०२४ च्या जानेवारीत ओपन सोर्स झाला, आणि ॲटमच्याच कोडवरून लोकांनी पल्सार चालू ठेवलाय. तुमचा हात ॲटमवर बसलेला असेल तर पल्सार बघा, ओळखीचं वाटेल.

ॲडोबीचा ब्रॅकेट्स नावाचा एडिटरही असाच, १ सप्टेंबर २०२१ ला ॲडोबीने हात काढून घेतला. विंडोजमधलं वर्डपॅड तर इतकी वर्षं प्रत्येक पीसीत होतं, विंडोज ११ च्या २४एच२ पासून तेही नाही. माझ्या वडिलांची सगळी पत्रं वर्डपॅडच्या फॉरमॅटमध्ये होती, मी बसून एकेक बदलली. म्हणून तुम्ही यादी साध्या टेक्स्टमध्ये ठेवलीत हे सगळ्यात चांगलं केलंत, ॲटम गेलं तरी तुमची एक ओळ गेली नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवता येतात त्या युनिकोडच्या पद्धतीत आहे ना तेवढं बघून घ्या, एडिटर कुठलाही उघडेल.

मांडवी_चार_दरवाजा
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, मी छपाईच्या धंद्यात आहे आणि या 'ऱ्ह'ने आम्हाला फार छळलंय.

ताई तुमच्या यादीत 'ऱ्ह' दोन पद्धतीने टाइप झालेला आहे. एक, नेहमीचा र, मग हलन्त, मग एक न दिसणारं अक्षर ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात, मग ह. दुसरी, खाली नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग ह. दोन्ही युनिकोडमध्ये चालतात, दोन्ही स्क्रीनवर आणि कागदावर एकसारखे दिसतात, पण कॉम्प्युटर आकार बघत नाही, कोड बघतो, त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं आहेत. म्हणून सर्चमध्ये एकच येतो आणि डुप्लिकेट निघत नाही. हा फरक टाळता येत नाही कारण मराठीला तो अर्धा र लागतोच, आचार्यास आणि आचाऱ्यास हे वेगळे शब्द आहेत, एक गुरूला दुसरा स्वयंपाक्याला. तिसरा प्रकारही असतो, र आणि नुक्ता सुटे, तो क्वचित येतो.

ओळखायचं कसं ते सांगतो. सर्चच्या डब्यात नुसता ऱ टाका, इनस्क्रिप्ट कीबोर्ड असेल तर शिफ्ट धरून जे. ज्या आडनावांवर रंग येतो ती एका पद्धतीची, ज्यांच्यावर येत नाही ती दुसरी. मग रंग न आलेल्या ओळीतला 'ऱ्ह' फाइलमधूनच कॉपी करा, हाताने टाइप करू नका, आणि फाइंडच्या डब्यात पेस्ट करा. रिप्लेसच्या डब्यात शिफ्ट जे, डी, यू असा टाइप करा म्हणजे नुक्तावाला 'ऱ्ह' येईल. रिप्लेस ऑल. मग हेच 'ऱ्य'साठी परत करा कारण पत्त्यात 'दुसऱ्या मजल्यावर' वगैरे असणार. एवढं झाल्यावर डुप्लिकेट काढायची कमांड द्या. पण त्याआधी फाइलची एक कॉपी बाजूला, हे हात जोडून सांगतो.

सयाजीबाग_सकाळी
मी नोटपॅड प्लस प्लसवाला. २००३ पासून चालू आहे, मागे कंपनी नाही, एक मुख्य डेव्हलपर आणि मदत करणारे लोक, फुकट आणि ओपन सोर्स. मंडळाच्या ऑफिसातल्या जुन्या पीसीवर व्हीएस कोड उघडायला वेळ खातो, हा लगेच उघडतो. फक्त एक बातमी लक्षात ठेवा, याच्या अपडेटरचं ट्रॅफिक मधेच वळवून काही जणांना खोटा इन्स्टॉलर दिल्याचं उघडकीस आलं होतं, म्हणून डिसेंबर २०२५ च्या ८.८.९ पासून अपडेटर इन्स्टॉलरची सही आणि सर्टिफिकेट तपासूनच पुढे जातो. जुनं व्हर्जन असेल तर त्याच्या आतून अपडेट करू नका, साइटवर जाऊन नवं उतरवून घ्या.

आता कामाचं. गुजराती पत्ते असलेल्या ओळी वेगळ्या काढायच्या असतील तर फाइंडमध्ये मार्क नावाचा टॅब आहे, तिथे रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे नमुन्यावरून शोधायची सोय, चालू करा, चौकोनी कंसात गुजरातीचा 'अ', मग डॅश, मग गुजरातीचा 'ह', कंस बंद. बुकमार्क लाइनवर टिक आणि मार्क ऑल. ज्या ज्या ओळीत एक तरी गुजराती अक्षर आहे तिला खूण लागते, मग सर्च मेनूत जाऊन बुकमार्क केलेल्या ओळी एकदम कॉपी करा, पोस्टात पत्रं टाकणाऱ्या मुलाला तेवढ्याच द्या. मी रावपुऱ्याच्या पोस्टासाठी अशीच यादी काढतो, वाटणारी मुलं गुजराती शाळेतली आहेत, त्यांना तो पत्ता भरभर वाचता येतो.

ऑल्ट धरून माउसने उभा पट्टा सिलेक्ट करायची सोय सगळे सांगतात पण देवनागरीत ती करू नका. इंग्रजीत प्रत्येक अक्षर एक घर घेतं, आपल्याकडे जोडाक्षरं आणि मात्रा, पट्टा वाकडा जातो आणि निम्म्या ओळींत अर्धं अक्षर कापलं जातं. तुमच्याकडे टॅब आहेत ना, टॅबच धरून फाइंड रिप्लेस करा.

दांडियाबाजारकर
अहो दादा काय सांगू, नुसता ऱ टाकला आणि निम्म्या आडनावांवर रंग आला निम्म्यांवर नाही! म्हणजे मी घरी टाइप केलेली एका पद्धतीची आणि माझ्या आधीच्या सेक्रेटरींनी टाइप केलेली दुसऱ्या, इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. आजींचं नाव पण जुन्या पद्धतीतलंच निघालं.

अजून दोन विचारते. मी व्हीएस कोड टाकलाय, त्यात कंट्रोल डी दाबलं की पुढचा तसाच शब्द सिलेक्ट होतो, ते फार आवडलं, ऑफिसात नोटपॅड प्लस प्लसमध्ये तेच दाबलं तर आख्खी ओळ डबल झाली, हे बरोबर आहे का? आणि खजिनदार काका फाइल एक्सेलमध्ये उघडतात तर त्यांना सगळी चिन्हं चिन्हं दिसतात.

रावपुरा_टॉवर
हो ताई, नोटपॅड प्लस प्लसमध्ये कंट्रोल डी म्हणजे ओळ डबल करणं, तिथे ते दाबायची सवय मोडा नाहीतर तुम्हीच नवे डुप्लिकेट तयार कराल. एक्सेलसाठी व्हीएस कोडमध्ये खाली उजवीकडे यूटीएफ-८ लिहिलेलं असतं त्यावर क्लिक करा, 'सेव्ह विथ एन्कोडिंग', मग 'यूटीएफ-८ विथ बॉम'. फाइलच्या सुरुवातीला एक न दिसणारी खूण बसते, तिच्यावरून एक्सेलला कळतं की हे युनिकोड आहे. काकांसाठी वेगळी कॉपी ठेवा, मूळ फाइल बिनबॉमची राहू दे.

आणि चुकून काही उडालं तर व्हीएस कोडमध्ये डाव्या पट्टीत खाली टाइमलाइन आहे, २०२२ पासून तो प्रत्येक सेव्हची लोकल कॉपी ठेवतो, गिट वगैरे जुन्या कॉपी सांभाळणारं वेगळं काही न लावता. मी एकदा पूर्ण लेख पुसून सेव्ह केला होता, तिथूनच परत आणला.

मांडवी_चार_दरवाजा
आता यादी आडनावाप्रमाणे लावणार असाल तर आधीच सांगून ठेवतो. सॉर्ट लाइन्स केलं की काळे आधी येतील आणि काशीकर नंतर. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो पण युनिकोडमध्ये तो ल च्या लगेच पुढे बसवलाय, एडिटर तसंच लावतो. छापलेल्या यादीत लोकांना हे खटकतं, विशेषतः वयस्कर मंडळींना, आणि ते बरोबर आहेत.

माझी युक्ती अशी, नोटपॅड प्लस प्लसमध्ये करा कारण त्याचं लेक्सिकोग्राफिक सॉर्ट निव्वळ कोडच्या क्रमाने चालतं. फाइलमध्ये अवग्रह, म्हणजे संस्कृत श्लोकात येतो तो ऽ, कुठेच नाही हे सर्च करून बघा. मग सगळे ळ बदलून ऽ करा, सॉर्ट करा, आणि सगळे ऽ परत ळ करा. अवग्रहाचा कोड बरोबर ह च्या नंतर आणि काना-मात्रांच्या आधी येतो, त्यामुळे कळमकर कामतांच्या आधीच राहतात आणि काळे काशीकरांच्या नंतर जातात. दुसरं कुठलं चिन्ह घेतलंत तर एक दुरुस्त होईल दुसरं बिघडेल, मी करून बघितलंय. क्षीरसागर मात्र क च्या शेवटी, ख च्या आधी येतील, त्यांना ज्ञ च्या शेजारी न्यायचं असेल तर हाताने न्या.

दांडियाबाजारकर
केलं! काळे काशीकर जागेवर आले. क्षीरसागरांची दोनच घरं आहेत, त्यांना हाताने शेवटी नेलं. 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' दोन्ही एकसारखे केले, डुप्लिकेट काढले तर अकरा ओळी गेल्या, त्या अकराही मी कॉपीशी ताडून बघितल्या, सगळ्या खरंच डबल होत्या. यादीच्या अगदी वर एक ओळ लिहून ठेवली आहे की ऱ शिफ्ट जे नेच टाइप करावा, माझ्यानंतर जो कोणी सांभाळेल त्याच्यासाठी.

आजींकडे आज संध्याकाळी स्मरणिका घेऊन जातेय, सुरसागरच्या मागेच राहतात. त्यांच्या पावतीची तारीखही यादीत मिळाली, वर्गणी त्यांनी पहिल्याच आठवड्यात भरली होती.