कोविड ड्युटीचा थकवा अजून जात नाही, लहानपणाशी संबंध असू शकतो का?

रातपाळी_सिस्टर
स्टाफ नर्स आहे, बारा वर्षं झाली. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कोविड आयसीयूला होते. किट घातलं की सहा-सात तास पाणी नाही बाथरूम नाही, ग्लोव्हजमध्ये घामाने बोटं सुरकुतायची, पण ते सगळ्यांनीच केलं, त्यात माझं वेगळं काही नाही. बरोबरच्या मुली आता बऱ्यापैकी नॉर्मल आहेत आणि मी अजून ड्युटीला निघताना जिन्यात पाच मिनिटं बसून राहते, पेशंटचे नातेवाईक रडले तरी आत काही हलत नाही आणि घरी कुकरची शिट्टी झाली की दचकते.

आमचे वडील प्यायचे. रात्री जिन्यात चपला वाजल्या की त्यावरून मला कळायचं आज किती घेतलीय, मग धाकट्या भावाला गोधडीत ढकलायचं आणि ताट वाढून ठेवायचं. आठ-नऊ वर्षांची असेन. आयसीयूत हेच कामाला आलं असं वाटतं, मॉनिटर बोंबलायच्या आधीच मला कळायचं कोणाचं सॅच्युरेशन पडणार, इन्चार्ज म्हणायच्या हिचे कान तिखट आहेत. आता ते बंदच होत नाहीत. असं खरंच असतं का मी उगाच बापावर खापर फोडतेय?

मधली_वाट
असतं ताई. मी मानसोपचार विभागात सोशल वर्करचं काम करते. अमेरिकेत सॅन दिएगोला १९९५ ते ९७ मध्ये १७ हजारांवर लोकांना लहानपणाबद्दल विचारलं होतं, मारहाण, घरात दारू, आईला मार वगैरे. फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांचा अभ्यास, एस स्टडी म्हणतात त्याला. जवळपास दोन तृतीयांश लोकांनी यातलं एकतरी सोसलेलं निघालं, आणि जितकं जास्त सोसलेलं तितकं पुढे डिप्रेशन, व्यसन, अगदी हार्टचं दुखणंही जास्त. कोविडमध्ये हॉस्पिटल स्टाफवर जे अभ्यास झाले त्यातल्या काहींत बर्नआउटचंही, म्हणजे कामाने पार पिळून निघण्याचंही, तसंच दिसलं. लहानपणी घर सांभाळलेल्या पोरी या लाइनला जास्त येतात असं आपलं मला वाटतं.

कंत्राटी_माणूस
ते लहानपण-बिहानपण ठीक आहे हो, पण डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार म्हटलेलंच नाहीये, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की होतं असं म्हटलंय. २२ मार्च २०२० ला आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या आणि लाट ओसरल्यावर आमच्या बॅचला एका व्हॉट्सॲप मेसेजवर घरी पाठवलं. शेवटचा पगार तीन महिन्यांनी. उद्या मॅनेजमेंट म्हणेल सिस्टर, तुमच्या बापाचा प्रॉब्लेम आहे, स्टाफ कशाला वाढवायचा?

मधली_वाट
हे एकदम मान्य. ते आकडे हजारो लोकांचे आहेत, एकट्या माणसाला लावून त्याचं भविष्य सांगायला नाहीत, आणि नोकरी देताना असले प्रश्न विचारायला तर अजिबातच नाहीत. पण ताई, दचकणं, झोप उडणं हे नुसत्या थकव्यात मोडत नाही. सायकिअॅट्रिस्टना एकदा दाखवाच. ओळखीच्यांत नको वाटत असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

वॉर्डातला_बंड्या
माझं लहानपण मस्त गेलं, मामाच्या गावाला आंबे बिंबे. तरी बॉडी पॅक करायच्या ड्युटीनंतर वर्षभर बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला की घास उतरायचा नाही. बायकोने माझ्या जर्किनला बटणं लावून दिली.

रातपाळी_सिस्टर
सगळ्यांना थँक्यू. बंड्यादादा, बटणांचं वाचून हसले आणि मग रडले पण, बऱ्याच दिवसांनी. काल भावाला फोन केला, गोधडीचं त्याला आठवतंय. म्हणाला तू माझे कान घट्ट दाबून धरायचीस, दुखायचे. मला हे काहीच आठवत नाहीये. सोमवारी नाईट ऑफ आहे, तेव्हा त्या नंबरला लावते.