तुमचे शेतकरी आजोबा कसे होते? (अनुभव धागा)

आबा गेल्या महिन्यात गेले. दशक्रियेला घाटावर ही गर्दी, आणि पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या तर संपता संपेनात, कष्टाळू, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, एकाचं भाषण उचलून दुसऱ्याच्या आजोबाला लावलं तरी खपलं असतं. चुलतभाऊ कानात म्हणाला, यात आपला आबा कुठाय रे? आमचा आबा म्हणजे मार्केटला कांदा टाकून आला की आधी पायरीवर बसून विक्रीची पट्टी वाचणार, हमाली तोलाई वजा जाऊन हातात काय उरलं ते आजीला मोठ्यांदा सांगणार, भाव पाडणाऱ्यांना दोन शिव्या, आणि मग पिशवीतून गोडीशेव काढणार. गाडीभाडंसुद्धा निघालं नाही अशा वर्षीही गोडीशेव यायचीच, आजी जाम चिडायची. तर तुमच्याही आजोबांबद्दल लिहा. भाषणातले नकोत, घरातले.

---

आम्ही मंगळवेढ्याकडचे, काळं रान, मालदांडी ज्वारी. १९७२ च्या दुष्काळात आण्णा घरचं एवढं रान असून खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची ती स्वतः न खाता धोतराच्या सोग्यात बांधून पोरांना आणायचे असं वडील सांगतात, आणि रेशनची ती लाल मिलो ज्वारी, तिच्या भाकरीला नावं ठेवत ठेवत सगळ्यांनी खाल्ली म्हणे. मी बघितलेले आण्णा मात्र हुरड्याचे. आगटीत गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसायची, भाजली की गरम गरमच तळहातावर चोळायची, फुंकर मारून कुसं उडवायची, हाताला असे घट्टे की चटका बसायचाच नाही त्यांना. पहिली मूठ सगळ्यात लहान असेल त्याला, मग पुढची पोरं, मग सुना, मग लेक, हा क्रम कधी बदलला नाही. सासऱ्याच्या हातचा हुरडा घ्यायला माझ्या आईला पहिल्या वर्षी एवढी लाज वाटली की तिनं पदर पुढं करून घेतला.

---

हुरड्यावरनं गुऱ्हाळ आठवलं. कोल्हापूर साईडचा आमचा आज्जा. काहिलीतली मळी निघाली, पाक आटत आला की गुळव्या गोळी पाण्यात टाकून बघायचा, पण आज्जाला दुसऱ्यावर भरवसा नाही, स्वतः परत बघणार. त्यात आम्ही पोरं चिक्कीगुळासाठी चुलवाणाभोवती. गुळव्या ओरडला की आज्जा म्हणायचा, "दे त्यास्नी, एखादा गुळाचा रवा कमी हुईल, पोरं काय रोज येत्यात व्हय."

---

सिंधुदुर्ग. मुलगे सगळे मुंबईला, गावात आजी आणि आजोबा दोघंच. लावणीला माणसं मिळायची नाहीत तरी भात सोडलं नाही. काका दर गणपतीत हिशेब मांडून दाखवायचे की यापेक्षा दुकानातला तांदूळ स्वस्त पडतो, आणि खरंच पडत होता. आजोबा सगळं ऐकून घ्यायचे. निघायच्या दिवशी बघावं तर रिक्षात उकड्या तांदळाचं पोतं आधीच चढलेलं. जागा नाही म्हटलं की, "मगे तू मागसून ये, तांदूळ आधी जांव दे."

---

मी जरा वेगळं लिहिते, काहींना आवडणार नाही. आमचे दादा (आजोबांना सगळे दादाच म्हणायचे) लेकींवर जीव टाकणारे. दिवाळीला चारही आत्या आल्याशिवाय फराळाला हात लावायचे नाहीत, प्रत्येकीकडे वर्षाचे गहू नि तूरडाळ पोच, मधल्या आत्याच्या बाळंतपणात तर ऐन सुगी टाकून दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिलेले. आणि याच दादांनी एक दिवस चौघींना जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. महाराष्ट्रात १९९४ ला लेकींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा आला होता पण त्याआधी लग्न झालेल्यांना नाही, त्यामुळे दादा निवांत होते, २००५ च्या कायद्यात लग्न झालेल्या लेकीही आल्या आणि यांची धावपळ सुरू. रोज पेपर वाचायचे ना. सह्या झाल्यावर चौघींना साड्या आणि हॉटेलात जेवण. धाकट्या आत्याचे मिस्टर लवकर गेले, दोन पोरं वाढवताना तिला एकरभर रान किती कामाला आलं असतं! तिला विचारलं तर म्हणते, अगं सही केली नसती तर माहेर तुटलं असतं. तिला दादांचा राग नाही, मला आहे. आणि पितृपक्षात त्यांच्या पानात जास्तीची अळूवडी वाढणारीही मीच.

---

ताई, आमच्याकडं याच्या उलट. आजोबांनी विहिरीजवळचा तुकडा आईच्या नावावर केला, सातबाऱ्यावर नाव चढलं त्या दिवसापासून मामा बोलत नाहीत. आई राखी पोस्टाने पाठवते, पोचली का ते कळत नाही. आजोबांना हे होणार ते माहीत होतं. आईला म्हणाले होते, "भावाचं काय सांगता येत नाय पोरी, जमीन तर कुठं जात नाय."

---

यवतमाळकडचे आमचे आबाजी. तेव्हा कापूस एकाधिकार होता, सरकारी केंद्रावरच घालायचा, गाड्यांची रांग दोन दोन दिवस हलायची नाही. मला सोबत न्यायचे, रात्री भरल्या गाडीवर कापसात झोपवायचे आणि स्वतः खाली जुवापाशी घोंगडं टाकून. ग्रेड कमी लावला की वाटेनं एक शब्द नाही बोलत. पण चुकारा (कापसाचे पैसे) हाती आला की पयले माह्या चपला. घरी आलो की आजी माह्या केसातली सरकी वेचत बसे अन् आबाजीले बोलणी.

---

मी टोरांटोला. बापू फोनवर तब्येत नंतर विचारायचे, आधी "तिकडं पाऊस कसाय?" बर्फ पडतोय म्हटलं की "मग वाफसा कधी यायचा?" (म्हणजे पेरणीजोगी ओल). दर रविवारी हेच. शेवटी इथं मका मे महिन्यात पेरतात हे शोधून सांगितलं तेव्हा गडी निवांत झाला.

---

लातूर-धाराशिवकडं कुणी असेल तर येळवस माहीत असेलच. मार्गशीर्ष अमावस्या, रानात कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. आमचे तात्या बांधाला उभं राहून रस्त्यानं जाणाऱ्या मोटरसायकली अडवायचे, ओळख असो नसो, "जेवून जावा." एकदा वसुलीला आलेला बँकेचा माणूसच सापडला. त्याला ओढत आणून कोपीपुढं बसवलं, तो बिचारा फाईल मांडीखाली दाबून तीन तांबे आंबील प्यायला आणि कर्जाचं नावच काढलं नाही त्यानं. मार्चएण्डला परत आला, ते सोडा.