डाव्या आरशाला रुंद काच बसवाच, उजवीकडे मात्र घाई नको

एकाने विचारलंय, गाडीच्या बाहेरच्या दोन्ही आरशांना जास्त फुगीर, म्हणजे जास्त रुंद भाग दाखवणारी, काच बसवली तर चालेल का? माझं मत: डावीकडे जरूर बसवा, उजवीकडे जपून.

दापोली-हर्णैसारख्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की गाडी डावीकडे घ्यावी लागते. तिथे जांभ्या दगडाचा गडगा (कुंपणाची भिंत), नाहीतर उघडं गटार. त्यातच एखादा स्कूटरवाला डाव्या बाजूने घुसतो. रुंद काचेत तो दिसतो, साध्या काचेत नाही. मला स्वतःला याचा फार उपयोग झाला.

पण अशा बहिर्वक्र (फुगीर) काचेत प्रतिमा लहान होते, म्हणून मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते. मुंबई-गोवा महामार्ग ६६ वर ओव्हरटेक करायला उजवीकडे निघताना हीच चूक महागात पडते. नवी काच बसवल्यावर महिनाभर तरी आतल्या आरशाशी ताडून पाहा आणि मान वळवून खात्री करा. उजवीकडे हवीच असेल तर बाहेरच्या कडेलाच जास्त वाकवलेली, दोन भागांमध्ये उभी रेघ असलेली काच बघा. आतला भाग त्यामानाने कमी वक्र असल्याने अंतराचा अंदाज बरा येतो.

आणि आपल्या कोकणातली खारी हवा विसरू नका! हलक्या प्रतीच्या काचेचा मुलामा कडेने काळा पडत जातो. जुन्या काचेवर नवी नुसती चिकटवू नका, मध्ये पाणी साचतं. मागच्या प्लेटसकट, तुमच्याच मॉडेलची घ्या. जुन्या काचेत धुकं घालवणाऱ्या हीटरच्या तारा असतील तर नवीतही असायला हव्यात, पावसाळ्यात त्यांची किंमत कळते.