फुटबॉलपटू सादिओ मानेनं गावात दवाखाना बांधला, खरं काय?

पेठेतला_बॅक: पोरगं लिव्हरपूल क्लबचं वेडं. जेवताना मानेचंच पुराण. दवाखान्याचं खरंय का?

दहा_नंबर: खरंय. सेनेगलमधलं बांबाली. माने 7 वर्षांचा असताना वडील आजारी पडले. गावात दवाखाना नव्हता, ते गेले. 2021 मध्ये तिथंच त्यानं रुग्णालय उभं केलं. शाळाही बांधली. आणि हाच गडी पोरवयात घरी न सांगता फुटबॉलसाठी राजधानी डाकारला पळालेला!

गोलपोस्ट: 2022 चा आफ्रिका कप विसरलात व्हय? फायनलला इजिप्तविरुद्ध सातव्याच मिनिटाला पेनल्टी हुकवली. बरोबरीनंतरच्या पेनल्टी शूटआउटमधली शेवटची, जिंकून देणारी मात्र त्यानंच घातली. इजिप्तच्या सालाहची पाळीच आली नाही. तोही तेव्हा लिव्हरपूलचाच.

पेठेतला_बॅक: भारीच की! पण ते पळून गेल्याचं पोराला सांगत नाही. दहावी आहे त्याची.