पॅनकेक 'बनवायचे' की 'घालायचे'? रविवारच्या न्याहारीची क्रियापदं

आमच्या बोरिवलीच्या इमारतीत यंदा एक छोटी पुस्तिका काढायची ठरली आहे. परदेशी गेलेली मुलं, सुना, भाचरं तिथल्या शेजारपाजारच्या घरांतून शनिवार-रविवारी सकाळचं काय काय करायला शिकली, ते त्यांनी लिहून पाठवायचं आणि आम्ही मराठीत छापायचं. १७ पाककृती आल्या. मराठी तपासायचं काम माझ्याकडे आलं आणि पहिल्याच वाचनात एक शब्द टोचायला लागला. 'बनवा', 'बनवून घ्या', 'बनवले जाते' असं मिळून ४३ वेळा. इंजेरा बनवा, आरेपा बनवा, पॅनकेक बनवा, अंडी बनवा.

आता आपलंच स्वयंपाकघर बघा. भाकरी थापतात, पोळी लाटतात, पुरी तळतात, थालीपीठ लावतात, घावन घालतात, भजी सोडतात, चहा टाकतात. हाताने नेमकं काय करायचं ते क्रियापदातच असतं. ज्या मुलीने कधी थालीपीठ पाहिलेलं नाही, तिला 'लाव' म्हटलं की अर्धी कृती सांगून होते. 'बनव' म्हटल्यावर तिला पुढे चार प्रश्न विचारावे लागतात.

म्हणून चर्चेला हा विषय. परदेशी पदार्थाचं नाव त्यांचंच ठेवावं, पण क्रियापद आपलं वापरावं, असं माझं मत आहे. पण ते दर वेळी चपखल बसतं का, हे तुमच्याकडून तपासून घ्यायचं आहे.

सगळ्यात आधी 'घालणे'. हे क्रियापद मला गिरगावातल्या आजीच्या घावनांनी शिकवलं. बिडाचा तवा, त्यावर नारळाच्या शेंडीने तेल फिरवलेलं, पीठ ताकापेक्षाही पातळ. वाटीने पीठ घ्यायचं आणि तव्याच्या कडेपासून सुरुवात करून गोल फिरत मध्याकडे यायचं. पळीने पसरायचं नाही. पसरलं की जाळी मरते. तवा पुरेसा तापलेला असेल तर पीठ पडताच चर्र वाजतं आणि क्षणात भोकं पडतात. झाकण ठेवायचं, कडा सुटल्या की उचलायचं. आजी म्हणायची, "घावन घालायचं असतं गो, सारवायचं नसतं." सडा घालतो तसंच हे घालणं. ओतण्यापेक्षा हलकं, आणि हात सतत फिरता.

शेजारच्या काकूंची मुलगी आदिस अबाबाला नोकरीला आहे. तिने घरमालकिणीकडून शिकलेल्या इंजेऱ्याची कृती पाठवली आहे. तेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ, दोन-तीन दिवस आंबवलेलं, पातळ केलेलं. मिताद नावाच्या मोठ्या, सपाट मातीच्या तव्यावर ते बाहेरच्या कडेपासून आत गोल गोल सोडत आणतात. वर झाकण, आणि उलटायचं नाही, एकाच बाजूने होऊ द्यायचं. वर भोकं पडतात त्यांना तिकडे 'डोळे' म्हणतात. आपण 'जाळी पडली' म्हणतो, ते म्हणतात डोळे आले. वाचताना मला थेट आजीचा हात दिसला. आंबवलेलं पीठ असल्यामुळे नातं घावनापेक्षा आंबोळीशी जास्त, पण हात घावनाचा. इथे 'इंजेरा बनवा' कसं चालेल? मी खोडून 'घाला' केलं.

पण हेच क्रियापद फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताच्या गालेतला बसत नाही. कुट्टूच्या पिठाचं ते धिरडं लाकडी दांडीने तव्यावर फिरवून पातळ करतात. तिथे 'पसरवा' हवं, जसं आपण डोशाला म्हणतो. आणि अमेरिकन पॅनकेक? पीठ दाट, बेकिंग पावडरने फुगणारं, पळीभर एका जागी टाकायचं, ते आपोआप पसरतं तेवढंच. त्याला मी 'टाका' लिहिलं आहे. 'घाला' म्हटलं तर वाचणारी बाई सवयीने पीठ पातळ करील आणि पॅनकेक फसतील.

थालीपिठाचं 'लावणे' हा खास शब्द आहे आणि तो जपायला हवा. थंड तव्याला तेल लावायचं, त्यावरच गोळा ठेवून बोटांनी बाहेर सरकवत न्यायचा, मध्ये भोक पाडायचं. लेप लावतो तसं ते तव्याला लावलेलं असतं. ओल्या फडक्यावर थापून मग तव्यावर टाकलं तर ते थापलेलं थालीपीठ, लावलेलं नव्हे. चवीतही फरक पडतो, कारण लावलेल्याची खालची बाजू तव्याबरोबर सावकाश तापते आणि जास्त खरपूस होते. जगभरातून आलेल्या १७ पाककृतींत 'लावणे' कुठेही बसलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

व्हेनेझुएलाचं आरेपा मात्र सरळ 'थापणे'. मक्याच्या पिठाचा गोळा ओल्या तळव्यांत घेऊन या हातावरून त्या हातावर चपटा करत जायचा. आपल्या आगरी-कोळी घरांत तांदळाची भाकरी हातावर थापतात, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं काही समजावायला नको.

शकशुकाच्या कृतीत 'अंड्यांना सॉसमध्ये शिजवून बनवा' असं होतं. मी केलं: 'रटरटत्या टोमॅटोत पळीने खळगे करा, एकेक अंडं फोडून सोडा, झाकण ठेवा.' भजी तेलात सोडतो, मुटके आमटीत सोडतो, तसंच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या पारशी मावशी टमेटा पर ईडू, म्हणजे टोमॅटोवर अंडी, करतात, त्यांनाही 'सोडा' पटलं.

लिंगाचा प्रश्नही आहेच. इंजेरा मी पुल्लिंगी ठेवला, डोशासारखा. आरेपा नपुंसकलिंगी झालं, कदाचित मनात थालीपीठ असल्यामुळे. कानाला बरं वाटतं तेच ठेवावं असं वाटतं.

प्रतिसाद

ताई, आमच्या कुडाळकडे 'घालणे'बरोबर 'काढणे' तितकंच चालतं. "चार घावणे काढून देतंय, बस." पीठ तव्यावर जातं ते घालणं आणि तयार होऊन बशीत येतं ते काढणं. पाहुण्याला म्हणताना नेहमी 'काढते' म्हणतात, कारण गरम गरम देण्याचा भाव त्यात आहे. पुस्तिकेत दोन्ही ठेवा.

प्रतिसाद

क्रियापदं नेमकी हवीत हे मान्य, पण 'बनवणे' इतकं वाईट आहे का? मुंबईत आता सगळेच बोलतात. आणि नेमकं क्रियापद आठवलं नाही तर 'करणे' आहेच.

मूळ लेखिका

कुडाळच्या दादांचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. 'काढणे' घेते. इंजेऱ्याच्या शेवटच्या ओळीत ते चपखल बसेल, कारण तिथेही तो अलगद सोडवून परडीवर काढतात.

'बनवणे'बद्दल: शब्द मराठीच आहे, नाकारत नाही. टेबल बनवतात, योजना बनवतात, एखाद्याला बनवतात म्हणजे फसवतातही. पण 'आईने पोहे बनवले' हे माझ्या लहानपणी आमच्या चाळीत कोणी म्हणत नव्हतं. 'पोहे केले', किंवा घाई असेल तर 'पोहे टाकले'. हिंदीत 'बनाना' पदार्थाला सहज लागतं, तिथून ही सवय आली आहे. 'करणे' सगळीकडे चालतं, त्याला माझा विरोध नाही. मात्र जिथे थापणे, घालणे, सोडणे असे शब्द हाताशी आहेत तिथे 'करणे'वर भागवलं तर कृती मुकी होते.

चिलाकिलेसबद्दल विचारते. मेक्सिकोत टॉर्टियाचे, म्हणजे तिकडच्या मक्याच्या पोळीचे, शिळे तुकडे तळून साल्सात, म्हणजे तिखट रश्शात, परततात, ते मऊ पडेपर्यंत. भाच्याने 'साल्सामध्ये बनवा' लिहिलं होतं. मी 'परता' केलं, पण फोडणीच्या पोळीला आपण वाफ आणतो, ते 'वाफ आणा' इथे चालेल का? स्पेनमध्ये शिळ्या पावाचा असाच एक पदार्थ आहे, मिगास; शब्दाचा अर्थच मुळी पावाचा चुरा. आपला 'कुस्करा' तंतोतंत तोच. शिळ्याचं ताजं करण्याची ही कला घरोघरी आहे आणि तिचं नावही चुऱ्यावरूनच पडतं, हे मला फार जवळचं वाटलं.

प्रतिसाद

वाफ आणू नका, साल्सा असताना आपोआप येते. 'परता' बरोबर. पुस्तिकेचं नाव काय ठेवताय? आमच्याकडची मुलं 'संडे ब्रंच' म्हणतील. मी 'रविवारचा अल्पोपहार' सुचवतो.

मूळ लेखिका

आधी अल्पोपहाराचं. उप अधिक आहार म्हणजे उपाहार, म्हणून अल्पोपाहार आणि उपाहारगृह. 'उपहार' म्हणजे भेट. मुंबईत कितीतरी पाट्यांवर 'उपहारगृह' दिसतं, तेव्हा निदान आपण तरी नीट लिहू. पण दुरुस्त करूनही हा शब्द निमंत्रणपत्रिकेतला राहतो. सभा संपल्यावर अल्पोपाहार असतो. घरी कोणी त्याची हाक मारत नाही.

'ब्रंच' हा शब्द गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ साली मांडला तो रविवारसाठीच. शनिवारी रात्री जागणाऱ्यांनी रविवारी उशिरा उठून न्याहारी आणि जेवण एकत्र घ्यावं, असं त्याचं म्हणणं. आमच्या १७ पाककृतींतल्या बहुतेक साडेआठ-नऊच्या आहेत, म्हणून तो नको.

मग उरले नाश्ता आणि न्याहारी. नाश्ता मूळ फारसी. तिकडे 'नाश्ता' म्हणजे ज्याने अजून काही खाल्लेलं नाही असा, आपल्या भाषेत अनशापोटी. इराणमध्ये रक्तातली साखर उपाशीपोटी तपासायची असेल तर तिलाही हाच शब्द लागतो. न्याहारी आणि भेंडी बाजारात पहाटे मिळणारी निहारी, म्हणजे मांसाचा रस्सा, एकाच घरच्या. अरबी 'नहार' म्हणजे दिवस. उर्दूत 'निहार मुँह' औषध घ्या म्हणजे उपाशीपोटी घ्या. फारसीत आज 'नाहार' म्हणतात ते मात्र दुपारच्या जेवणाला. फ्रेंचांचंही तसंच झालं: 'देजने' म्हणजे मुळात उपास सोडणं, पॅरिसमध्ये ते सरकत दुपारच्या जेवणावर गेलं आणि सकाळसाठी 'छोटं देजने' आलं.

मराठीत उलट झालं. नाश्त्याची वेळ सुटली. मुंबईत 'संध्याकाळी नाश्त्याला या' सर्रास म्हणतात, मुलगी बघायला आलेल्यांनाही नाश्ताच देतात. न्याहारी मात्र सकाळीच राहिली. शेतावर पहाटेपासून राबणाऱ्याला नऊच्या सुमारास भाकरी नेतात ती न्याहारी, आणि मुलं परदेशातून ज्या वेळचं लिहीत आहेत ती वेळही साधारण तीच. मुखपृष्ठावर 'रविवारची न्याहारी' जाईल.

एक पान अजून अडलं आहे. जपानी तामागोयाकी. चौकोनी तव्यात अंड्याचा पातळ थर घालायचा, गुंडाळत एका टोकाला न्यायचा, रिकाम्या जागी पुन्हा थर घालायचा आणि त्यावरून तीच गुंडाळी परत फिरवायची. मी 'सुरळी करा' लिहिलं आहे, सुरळीच्या वड्यांवरून. पण तिथे सुरळी एकदाच होते, इथे थरावर थर चढतो. तुमच्याकडे यापेक्षा जवळचा शब्द असेल तर गुरुवारपर्यंत कळवा, शुक्रवारी पानं छापायला जाणार आहेत.