टोटल लॉस झालेली मस्टँग घ्यावी का?

प्रतापनगरकर: २०१७ ची मस्टँग जीटी, एमएच-३१, लाल. बाजारभावाच्या जवळपास निम्म्यात मिळते आहे. विमा कंपनीने टोटल लॉस ठरवून लिलावात काढली, एका गॅरेजवाल्याने उभी केली. मालक म्हणतो, “फक्त समोरून ठोकली होती.” पाच लिटरच्या व्ही-८ चा आवाज ऐकल्यापासून डोक्यातून जात नाही. बाबा ठाम नाही म्हणतात. काय करू?

गॅरेजभाऊ: भाऊ, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात. म्हणजे मार मोठाच होता. अमेरिकेत टायटलवरच, म्हणजे मालकीच्या कागदावरच, ‘रिबिल्ट’ (पुन्हा उभी केलेली) लिहून येते, आपल्या आरसीवर तसे काही दिसत नाही. त्यामुळे विम्याच्या सर्व्हेअरचा रिपोर्ट आणि अपघाताचे फोटो मागा. देत नसेल तर काऊन देत नाही, ते समजून घ्या. लिफ्टवर चढवून चॅसिसचे वेल्डिंग बघा. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझायला हवा. लागतच नसेल तर सोडा.

अंबाझरी_लेआउट: ठोकलीच होती कशावरून? २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरच्या पुरात आमच्या गल्लीतल्या कार छतापर्यंत बुडाल्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत गाळाची रेघ दिसते. कार्पेट उचला, सीटखालचे बोल्ट गंजलेत का पाहा. टोटल लॉसची तारीख तर विचाराच. पाण्यातली असेल तर फुकटही नको, वायरिंग वर्षानुवर्षे छळते.

प्रतापनगरकर: तारीख विचारली. “सप्टेंबर-ऑक्टोबर असेल,” म्हणाला. रविवारी बाबांना घेऊनच जातो, टोकन देत नाही.