प्लायची कड हीच खरी दुखरी जागा

लाँचमधली बाकं साध्या प्लायची करून वरून पॉलिश मारलं तर चालेल का, असं विचारलंय. दादा, नाही चालत. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठच्या बामणोलीला आमच्या लाँचमध्ये हा शहाणपणा मीच केला होता. पॉलिश आरशासारखं, पण दुसऱ्या पावसाळ्यात फळीची कड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली. नखानं टोकरलं की पापुद्रा हातात.

पाणी वरून कमी, कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून जास्त शिरतं. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लायच घ्या, पण कडा त्याच्याही सील कराव्या लागतात. आधी सगळं कापून, भोकं पाडून, कोरडं जोडून बघा. मग सुटं करून इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन, लावा. तळाच्या बाजूलाही, तीच विसरली जाते. कडा पहिला हात पिऊन टाकतात, तो चिकट असतानाच दुसरा द्या. स्क्रूचं भोक मुद्दाम मोठं पाडून इपॉक्सीनं भरायचं आणि घट्ट झालं की त्यातच बारीक भोक. कटकटीचं काम आहे, मिस्त्री तोंड वाकडं करतो, उभं राहून करून घ्या.

इपॉक्सी उन्हात पिवळं पडून तडकतं, म्हणून वरून यूव्हीवालं, म्हणजे उन्हाच्या अतिनील किरणांपासून वाचवणारं वार्निश हवंच. स्क्रू स्टेनलेसचे. बाकाखालच्या पेटीला हवेची भोकं ठेवा, ओली लाईफ जॅकेटं तिथंच कोंबली जातात.

आणि हे सगळं एप्रिल-मेमध्ये उरका. जूननंतर शिवसागरच्या काठावर लाकूड वाळत नाही राव.